अकरावा होकार

चंदीगड,
८ फेब्रुवारी २००७

प्रिय कादंबरी,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला नवल वाटलं असेल. तुझं आयटी पार्कातलं ऑफिस आमच्या क्वार्टरपासून ऑटोने पाऊण तासावर, घरात फोन आहे, मेल आहे, आणि आसावरीताई पाच रुपयांचं तिकीट लावून टपालाने लिहितेय, म्हणजे बाईचं डोकं फिरलं की काय. फिरलंय खरं. कशाने फिरलं ते सांगते, पण मला गोष्ट शेपटापासून सांगता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मधेच पत्र बाजूला टाकू नकोस.

आधी घरचं. विनायक अजून लेहलाच आहे, रविवारी फोन येतो, अर्धा वेळ नुसती खरखर. कैवल्यची बारावी डोक्यावर आली आहे आणि तो अभ्यास कर म्हटलं की 'मम्मी, टेन्शन मत लो' म्हणतो. मी मराठीत ओरडते, तो हिंदीत समजूत घालतो. बाबा गेल्यावर आईला मिरजेहून इकडेच घेऊन आले. इथली थंडी तिला सोसत नाही, बाल्कनीत ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत बसते. परवा विचारत होती, पोह्यांवर मूठभर शेव घेणारी ती तुझी मैत्रीण हल्ली येत का नाही. मी म्हटलं, नवीन नोकरी आहे, वेळ नसतो तिला. आईला एवढंच सांगितलं.

आपली ओळख कशी झाली आठवतंय? महाराष्ट्र मंडळाचा गणपती, २००२. तू आरती इतक्या बेसूर आणि इतक्या मोठ्याने म्हणत होतीस की मी वळून बघितलं. नंतर प्रसादाच्या रांगेत तू सांगितलंस, मी नाशिकची, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर इंजिनिअर आहे, आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून कर्णबधिर मुलांसाठी एक प्रोग्राम करते. मी तिथेच तुझा हात धरला. मी त्याच मुलांची शिक्षिका; बिदरला शिकवलं, तांबरमला शिकवलं, जोरहाटला शाळाच नव्हती. हवाईदलातल्या माणसाची बायको म्हणजे दर तीन वर्षांनी राजीनामा. मुलं कुठे 'प' आणि 'ब' वेगळे म्हणायला लागली की आमचे ट्रंक बांधायचे दिवस आलेच. तू म्हणालीस, ताई, हे काम असं आहे की ते तुमच्याबरोबर कुठल्याही बदलीला येईल. कोणी मला नोकरी देऊ केली असती तरी एवढा आनंद झाला नसता.

बोलपाटी. नाव तुझंच. वर बाईंच्या आवाजाचं चित्र, खाली मुलाच्या आवाजाचं, आणि मूल आपलं चित्र बाईंच्या चित्रासारखं यावं म्हणून पुन्हा पुन्हा बोलतं. ज्याला ऐकूच येत नाही त्याला स्वतःचा आवाज दिसतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रडले होते आणि तू गडबडून मला पाणी द्यायला धावलीस.

मग माझ्या संगणकावर सगळं मांडून द्यायला तू तीन रविवार घालवलेस. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलंस आणि त्यात आमचे तांबरमचे तीन वर्षांचे फोटो पुसून टाकलेस. विनायकने अबोला धरला, मी तुझी बाजू घेतली, म्हटलं, फोटोंचं काय एवढं, माणसं आहेत ना. मेलिंग लिस्ट म्हणजे काय, तिथे जगभरचे लोक एकमेकांना न बघता कसं काम करतात, दुरुस्ती कशी पाठवायची, कुणी खडसावलं तर रडत कसं बसायचं नाही, सगळं तू शिकवलंस. माझा मेलचा पत्ताही तूच उघडून दिलास, पासवर्ड तूच घातलास. म्हणालीस, ताई, हा आता बदला हं, दुसऱ्या कुणाला माहीत असू नये. मी म्हटलं, तू काय दुसरी आहेस का? आणि तव्यावरची पोळी उलटायला आत गेले.

माझी पहिली दुरुस्ती एका ओळीची. 'स' आणि 'फ' ने सुरू होणारे शब्द मुलं अगदी हळू सुरू करतात, आणि बोलपाटी ती सुरुवात गाळून टाकायची. मूल बिचारं जीव तोडून 'साप' म्हणायचं आणि पडद्यावर नुसता 'आप' दिसायचा. हे तुम्हा इंजिनिअर मंडळींच्या लक्षात आलं नव्हतं, मास्तरणीच्या आलं. ती ओळ पाठवायला मला चार खेपा लागल्या. एकदा तर मी अख्खा फोल्डर पाठवला आणि फिनलंडमधल्या एका आजोबांनी हात जोडून थांबा म्हणून लिहिलं. शेवटी ती आत गेली, आणि हातभार लावणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं. अकरावं. त्या दिवशी मी शिरा केला होता. वीस वर्षांत माझ्या नावाची पाटी कुठल्याच दारावर टिकली नव्हती गं. ही टिकणार होती.

त्यानंतर आवाज. एकट्या माझ्या आवाजावर मुलं शिकत नव्हती, म्हणून मी इथे शिकवते त्या शाळेत येणाऱ्या आयांना मी एकेक करून बसवलं आणि तीनशे शब्द बोलायला लावले. तेवीस जणी. कुणी मनीमाजऱ्याहून यायची, कुणी मोहालीहून. डेराबस्सीची गुरमेज तर नवऱ्याची औषध कारखान्यातली पाळी सांभाळून, दोन बस बदलून यायची, कारण तिच्या नवजोतला ऐकू येत नव्हतं. तिने माइकपुढे बसण्याआधी मला विचारलं, मॅडमजी, हे पुढे कुणी विकणार तर नाही ना. मी तुला विचारलं. तू लायसन्स काढून मला साध्या मराठीत वाचून दाखवलंस: कुणीही घ्यावं, कुणीही बदलावं, कुणालाही द्यावं, कुलूप कुणी लावायचं नाही. आणि कधी लावायचंच ठरलं तर यादीतल्या एकूण एक माणसाचा होकार लागेल. मी ते तसंच्या तसं त्या तेवीस जणींना सांगितलं. म्हटलं, यादीत मी आहे, मी जिवंत असेपर्यंत पक्कं समजा.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. आठ वर्षं कंत्राट, दर मार्चमध्ये धाकधूक, नाशिकला आईवडिलांचे प्रश्न. कंपनीने बोलपाटीसकट तुला बोलावलं, तुझ्या हाताखाली सहा माणसं दिली. मला आनंदच झाला. तुझ्या पहिल्या दिवसासाठी साडी मी निवडली होती. त्या कंपनीला बोलपाटी कुलपात हवी आहे हे मात्र तू मला सांगितलं नाहीस. बाकीच्या नऊ जणांना लिहिलंस. त्यांनी दिला होकार, त्यांची मर्जी. मलाच विचारलं नाहीस.

नोव्हेंबरात बाबांचं दुखणं वाढल्याचा फोन आला तेव्हा स्टेशनवर सोडायला तूच आली होतीस. डब्यात पराठे दिलेस, खिडकीतून माझा हात हातात घेऊन उभी राहिलीस. बाबा गेले तेव्हा मिरजेला पहिला फोनही तुझाच. मग तेराव्याच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन केलास, सगळी विचारपूस केलीस आणि हळूच विचारलंस, ताई, तिथे नेट मिळतं का, मेल बघता येते का? मी म्हटलं, अगं घर माणसांनी भरलंय, मला श्वास घ्यायला वेळ नाही. फोन ठेवल्यावर मी वहिनीला म्हणाले, बघ, रक्ताचं नातं नाही पण पोरीला माझी किती काळजी.

आता खरं ते लिहिते.

जानेवारीत गुरमेज शाळेत आली. नवऱ्याने कुठून तरी जुना संगणक आणला होता, घरी बोलपाटी हवी होती. पण पूर्वीचं पान नेटवर उघडत नव्हतं आणि त्या जागी कंपनीचा फोन नंबर होता. तिने फोन केला तर विकत घ्या म्हणाले. मी हसले तिला. म्हटलं, चुकीच्या जागी फोन केला असशील, बोलपाटी विकता येतच नाही. घरी येऊन दोन महिन्यांत न उघडलेली लिस्ट उघडली. डिसेंबरातली तुझी घोषणा होती. लायसन्स बदललं आहे, आवाजांसकट सगळं आता कंपनीचं, यादीतल्या अकराही जणांनी संमती दिली आहे. शेवटी माझं नाव.

मला वाटलं, तुझी काहीतरी गफलत झाली. देवाशपथ सांगते, तोवर तुझ्यावर संशयसुद्धा आला नाही. मग मी माझ्याच पाठवलेल्या मेल बघितल्या. दोन डिसेंबर, सकाळी अकरा वीस. सुरुवातीला हवापाणी, कारण माझी प्रत्येक मेल हवापाण्याने सुरू होते: चंदीगडात धुकं पडायला लागलं आहे. मग घरच्या सगळ्यांची चौकशी. मग, माझी आणि मी नोंदवलेल्या आवाजांची या बदलाला पूर्ण संमती आहे. खाली माझं नाव. दोन डिसेंबरला सकाळी अकरा वीसला मी मिरजेत बाबांच्या तेराव्याला आलेल्या माणसांची पानं वाढत होते, कादंबरी. कसलं धुकं?

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी मुलांना वाक्यात उपयोग करायला द्यायचे. चोर घरात शिरतो तेव्हा कडी तरी तोडतो. तुला तेवढीही तोशीस पडली नाही, मीच किल्ली दिली होती. आणि पासवर्ड वापरलास ते एक वेळ गिळलं असतं. पण तू माझ्यासारखं लिहिलंस. माझं हवापाणी, माझी चौकशी. पाच वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून मी कशी बोलते ते तू ज्या मायेने ऐकलंस, ते सगळं तिथे खर्ची घातलंस. हे मला पचत नाही. जेवण जात नाही, आईपुढे हसतमुख राहायचं म्हणून ताट घेऊन बसते, इतकंच.

विनायकला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, तिने विचारलं असतं तर तू हो म्हणालीच असतीस, मग एवढं काय. तो माझ्याबरोबर बावीस वर्षं राहतोय आणि त्याला हे माहीत नाही. मी नाही म्हटलं असतं. तुझी नोकरी जाते म्हणून रडले असते, तुला जवळ घेतलं असतं, आणि नाहीच म्हटलं असतं. हे तुला पक्कं माहीत होतं. म्हणून तर विचारलं नाहीस. जुनी प्रत कुणीही वापरू शकतं, असं तू म्हणशील. माझ्याकडे आहे ती, गुरमेजला मी देऊनही आले. पण पुढे जे काही सुधारेल ते कुलपात, आणि त्या बायकांचे आवाज विक्रीच्या डब्यात. माझा एक होकार म्हणजे चोवीस बायकांचा होता, आणि तो तू दिलास.

आता हे पत्र का, ते सांगते. ती घोषणा शाळेतल्या कुणीतरी छापून फळ्याशेजारी लावली आहे. त्या तेवीस जणी तिच्यात माझं नाव वाचतात. गुरमेजने मला तोंडावर विचारलं, मॅडमजी, तुम्हीच हो म्हणालात ना, तुम्हाला किती मिळाले? तुझं नाव ओठावर आलं होतं, तरी नाही घेतलं. तीन आठवडे मी शाळेत खाली मान घालून जाते आणि कुणी सत श्री अकाल म्हणत नाही. वाटत होतं, तू आपणहून येशील. नाही आलीस. आता माझ्याच्याने होत नाही. पुढच्या शनिवारी, सतरा तारखेला, सकाळी अकरा वाजता मी त्या तेवीस जणींना शाळेत बोलावलं आहे. तो होकार कुणी लिहिला हे त्यांना सांगायचं आहे, आणि त्याच दिवशी लिस्टवरही लिहायचं आहे. तुझी नोकरी जाईल हे मला समजतं. ते मेलने कळवलं असतं, पण माझ्या नावाने आलेल्या मेलवर आता तू तरी कसा विश्वास ठेवशील? म्हणून हाताने लिहिलं. तू आलीस तर तुझ्या तोंडाने तू सांग, मी शेजारी उभी राहीन, तुझा हात सोडणार नाही. नाही आलीस, तर मला एकटीला सांगावं लागेल. वाट अकरा वाजून पाच मिनिटांपर्यंत बघेन.

'तुझीच' लिहायला पेन टेकवलं आणि पुढे सरकेना, म्हणून नुसती,

आसावरी