देवळाच्या नव्हे, चर्चच्या दारातल्या चपला

हॅरो, लंडन
१४ जुलै

निनादच्या बाबांना सप्रेम नमस्कार.

मी सुखरूप आहे, पण संताप आवरत नाहीये.

गेल्या आठवड्यात निनादने मला इटलीला, समुद्राकाठच्या एका जुन्या चिमुकल्या गावी नेलं. गाव सुरेख आहे. पाण्याला लागूनच आठशे वर्षांचं चर्च. दारात चपला काढून आत गेले, हात जोडून बाहेर येते तो चपला गायब! झाडूवाल्याने कचरा समजून उचलल्या. तुम्ही कोल्हापूरहून आणलेल्या!

तो बिचारा परका माणूस. पण आपला मुलगा म्हणतो, "आई, तुला काढायला कोणी सांगितलं होतं? लोक बघतायत." देवाच्या दारात चपला काढायला सांगावं लागतं? तुम्हीच ना त्याला बोट धरून शिकवलंत? तापलेल्या फरशीवरून मी गाडीपर्यंत अनवाणी चालले, आणि हा दहा पावलं पुढे!

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना?

त्याने पाठवलेला माझा चर्चसमोरचा फोटो छान आलाय म्हणालात म्हणे. नीट बघा. मी कमरेपर्यंतच आहे. मूळ फोटोत पाय होते, तुम्हाला पाठवण्याआधी त्याने ते कापले.

त्याला मात्र यातलं काही विचारू नका.

तुमची,
शालिनी