पाय ओढणारा माणूस

शिवादादा,

मुलुंडच्या कॉम्प्युटर क्लासात मी व्हिडिओ गेमसाठी माणूस काढला. ग्राफपेपरवर चौकोन रंगवून दोन चित्रं केली. ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलटूनपालटून दाखवली की तो चालतो. एका चित्रात पाय चुकला. सर ओरडले, "शकु, वाट लावलीस! परीक्षेआधी नीट कर, नाहीतर नापास."

आई बघायला आली आणि म्हणाली, "हा आपला शिवा गं! तसाच पाय ओढतो." आता ती रोज येऊन पडद्यासमोर बसते. मी दुरुस्त करायला गेले की हात धरते.

बाबांशी भांडून घर सोडलंस तू. नापास मी का व्हायचं? पत्ताही ठेवला नाहीस, हे पत्र कुठे टाकू? एकदा घरी चालत ये रे. मग आई मला याचा पाय सरळ करू देईल.

वैतागलेली,
शकु