चौघांची शाळा

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे. मारेगावकडच्या आमच्या गावात तुम्ही बदलून आलात, तेव्हा आमच्या वस्तीनं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बाबांनी घरातले देव नदीत सोडले होते. पण शाळेत आम्ही वस्तीतली चौघं अजून दाराबाहेर ओसरीवरच बसत होतो. पहिल्याच दिवशी तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "आत या. सगळे उंचीप्रमाणे बसा." मी बुटकी, म्हणून पहिल्या ओळीत पाटलांच्या मुलीशेजारी आले. तिच्या परकराला माझा परकर लागला, तशा दोघीही दचकलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही चौघंच. बाकी गावानं मुलं पाठवलीच नाहीत. तुम्ही फळ्यावर तारीख लिहिता, हजेरी घेता, प्रत्येक नावानंतर थांबता आणि वर्ग भरलेला असावा तशा खणखणीत आवाजात धडा सुरू करता. मी विचारते, "बाई, एवढ्या मोठ्यानं काहून सांगून राह्यल्या? आमी तं चारच आहो." तुम्ही म्हणता, "चार काय कमी झाले?"

मग पाटील दारात आले. "बाई, पोट्ट्यायले पह्यल्यासारखं बसवा. उद्या शाळा भरते."

"आणि हे चौघं?"

"बसत होते तिथंच बसतीन."

"तिथं मी आता कुणालाच बसवणार नाही," तुम्ही म्हणालात. आवाज शांत होता. मग फळ्याकडे वळून तुम्ही धडा पुढं नेलात.

त्यानंतर तुमचं दूध बंद झालं. गावातल्या बायका तुमच्या दारावरून जाईनाशा झाल्या. आईनं माझ्याबरोबर ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी पाठवली, ती तुम्ही चुलीपुढं बसून माझ्यासमोर खाल्लीत. घरी सांगितलं तर आई पुन्हा पुन्हा विचारत होती, "खरंच खाल्ली त्याहीनं?"

कापसाची वेचणी संपत आली तेव्हा पाटलांची मुलगी घरी रडून, जेवण टाकून, परत शाळेत आली. मी पाय पसरून बसले. म्हटलं, "तुही जागा बाहीर." तुम्ही माझ्यासमोर उभ्या राहिलात. "ही जागा तुझ्या मालकीची आहे?" मी नाही अशी मान हलवली. "मग सरक." एवढंच बोललात. मला इतका राग आला की दिवसभर तुमच्याकडे पाहिलं नाही. ती मात्र पाहत होती, माझ्या पाटीवर काय लिहिलंय ते.

हळूहळू वर्ग भरला. तुमची बदली झाली तेव्हा मोटारीपर्यंत सोडायला मी आणि पाटलांची मुलगी, आम्ही दोघीच आलो होतो. मोठं माणूस एकही नव्हतं. तुम्ही ट्रंक स्वतः वर चढवलीत आणि म्हणालात, "ऊन झालं, जा आता घरी."

पुढं मीही शिक्षिका झाले. तुमची ही गोष्ट दरवर्षी मुलांना सांगते. परवा एका मुलीनं मधेच विचारलं, "मॅडम, मंग त्या बाईसंग कोण होतं?" मी पटकन म्हणाले, "आम्ही होतो ना."

ती खूश झाली. तिला मी पुढचं सांगितलं नाही, बाई. शाळा सुटली की आम्ही आपापल्या घरी जात होतो.