शेतकऱ्याची मान

चिंचवड, मंगळवार, जानेवारी १९५७

वैताग आलाय नुसता! जाहिरातींच्या कार्टून फिल्म काढणारे गोखलेमास्तर मला शिकवतायत, की छळतायत? आठवडाभर एकच काम: शेतकऱ्याची मान. त्यानं मानेनं फक्त ‘हो’ म्हणायचंय. विलायती पुस्तकात बघून मी ढीगभर कागदांवर चित्रं काढून मान खाली-वर हलवली. मास्तर म्हणाले, "हा साहेब झाला. आपल्या शेजारच्या मोशी गावचा माणूस ‘व्हय’ म्हणताना मान अशी हलवतो होय रे?"

मग कशी हलवतो? बाजूला कलवली, तर ती ‘नाही’ वाटते!

घरी आईनं ताट मांडून विचारलं, "वाढू का?" मी मान हलवली, अन् मधेच थांबलो. कशी हलवतो मी? पुन्हा हलवली. पुन्हा.

"हो की नाही ते तोंडानं सांग," आई म्हणाली, आणि ताट उचलून घेऊन गेली.