उसना डिफेंडर

सोमवार, २ फेब्रुवारी

क्लब स्थापन झाला. तेरा सभासद. कप्तान वायरमन, कारण बॉल त्याचा आहे. सेक्रेटरी मी, कारण क्लबची कल्पना माझी आणि अक्षरही माझंच बरं. निवड बिनविरोध. दुसरं कोणी उभं राहायलाच तयार नव्हतं, यात मला सभासदांचा विश्वास दिसला.

पहिला मैत्रीपूर्ण सामना बावीस तारखेला, रविवारी, आपल्याच मैदानावर. समोर बेकरीवाल्यांचा संघ. ते नऊ वर्षं खेळतायत.

संकल्प: पहिल्या सामन्यात पहिल्या अकरात असायचं. वय चव्वेचाळीस, पण अनुभव आहे. कॉलेजात असताना एकही मॅच पाहायची चुकवली नाही. हे मी क्लबसाठी करतोय की स्वतःसाठी, असं स्वतःला विचारलं. वीस मिनिटं प्रामाणिकपणे विचार केला. क्लबसाठी.

गुरुवार, ५ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

पहिला सराव. बॉल मला चार वेळा लागला. त्यातल्या दोन वेळा येताना दिसला होता. कप्तान म्हणाला, साहेब, तुम्ही जरा रेषेच्या बाहेरून धावा. बाहेरून धावणाऱ्याला हल्लीच्या फुटबॉलमध्ये फार महत्त्व आहे. मेहुणा (बायकोचा धाकटा भाऊ, आपला डावा विंगर) म्हणाला, भावोजी, रेषेच्या बाहेर म्हणजे मैदानाच्या बाहेर. त्याला डावपेचातलं कळत नाही. पळतो मात्र वाऱ्यासारखा.

उजवी पोटरी दुखतेय. डावीही, पण कमी.

रविवार, ८ फेब्रुवारी

कप्तानाला संघ तोंडी जाहीर करायचा होता. मी हरकत घेतली. पहिल्याच सामन्यात वशिल्याचा संशय नको. गुप्त मतदान घ्यावं, प्रत्येकाने अकरा नावं लिहावीत, सर्वाधिक मतांचे अकरा खेळतील, उरलेले दोघे मतांच्या क्रमाने राखीव. नियम लिहून काढले, दोन पानं झाली. कप्तान म्हणाला, साहेब, टीम निवडायचीय, सरकार नाही. शेवटी कंटाळून सगळे हो म्हणाले. तत्त्वाचा विजय.

मंगळवार, १० फेब्रुवारी

उद्या मतदान. प्रश्न असा की स्वतःचं नाव लिहावं का? मी वजनमापे निरीक्षक आहे. स्वतःच्या घरच्या काट्यावर मी स्वतः शिक्का मारत नाही, दुसऱ्या निरीक्षकाला बोलावतो. तोच न्याय इथे. माझं नाव नाही.

पण तरी बारा उरतात आणि लिहायची अकरा. एक गाळायला हवा. दुखऱ्या गुडघ्यामुळे शिंपीकाकांना गाळणं सोपं होतं, पण सोपं म्हणून केलेलं बरोबर असतंच असं नाही. शिवाय मेहुण्याचं नाव लिहिलं तर नातेवाइकाला मत दिलं असं झालं. मेहुण्याला गाळलं. मन शांत.

बुधवार, ११ फेब्रुवारी

निकाल. नऊ जणांना पैकीच्या पैकी, तेरा. कप्तानाला बारा. मेहुण्याला बारा. शिंपीकाकांना दोन. मला शून्य.

काटा शून्यावरून हललाच नाही तर आधी काटा तपासावा, हा आमच्या खात्याचा पहिला धडा. चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. तीनदा. काटा ठीक आहे.

विचार करता एकच अर्थ निघतो. कोणाची एकदोन मतं चुकून जातात, बाराच्या बारा चुकून जात नाहीत. म्हणजे प्रत्येकाने स्वतंत्रपणे हेच धरलं असणार की सेक्रेटरी तर असणारच, त्याचं नाव काय लिहायचं! नियमांत तशी तरतूद नव्हती. चूक माझी. मात्र नियम तो नियम. मी तेरावा, शिंपीकाका बारावे.

बायकोला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, अहो, शून्य म्हणजे शून्य.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मेहुणा आपलं एक मत कोणी कापलं ते शोधत होता. मी स्वतःहून सांगितलं. कारणही सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, भावोजी, तुमच्या घरात बहीण देताना आम्ही एवढा विचार केला नव्हता. चहा अर्धा टाकून गेला. बायको बोलत नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

सरावाला गोलकीपर (केमिस्ट) दोनदा शिंकला. मला आनंद झाला. मी तो आनंद लगेच ओळखला आणि लाज वाटली. प्रायश्चित्त म्हणून संध्याकाळी त्याच्यासाठी सर्दीच्या गोळ्या घेतल्या. त्याच्याच दुकानातून. त्याने गोळ्या बांधल्या, मी त्या त्यालाच परत दिल्या. तो म्हणाला, साहेब, तुम्ही बरे आहात ना?

तो बरा होणार याची आता खंत वाटते. खंत वाटल्याचीही वाटते.

बुधवार, १८ फेब्रुवारी, दुपारी ३.१५, ऑफिस

तपासणीच्या खोलीत दार लावून वीस किलोची दोन वजनं चार पावलांवर ठेवली आणि कागदाचा गोळा मधून मारला. सहावा गोळा मधून गेला. त्याच क्षणी हेडक्लार्क आत आला. वजनांची मांडणी बघतोय, असं सांगितलं. हे खोटं होतं. नोंद करून ठेवतो.

बायको बोलू लागली. म्हणाली, एवढा जीव अडकलाय तर सरळ सांगा ना त्यांना, मला खेळायचंय म्हणून. मी म्हणालो, असं मागायचं नसतं. ती म्हणाली, मग निदान तोंड तरी असं करू नका, जेवण जात नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

सकाळी ६.०५. चार वाजताच जाग आली. राखीव खेळाडूलाही येते, हे माहीत नव्हतं. संकल्प: कोणाचंही वाईट चिंतायचं नाही.

दुपारी २.३०. सगळे अकरा हजर. सगळे ठणठणीत. केमिस्ट एकदाही शिंकला नाही.

दुपारी ३.२०. बेकरीवाल्यांची गाडी आली. उतरले दहा. त्यांचा एक डिफेंडर सकाळी भट्टीपाशी हात भाजून बसला. त्यांचा कप्तान, म्हणजे बेकरीचे मालक, आमच्या कप्तानाला म्हणाले, एक माणूस उसना द्या. मैत्रीच्या सामन्यात अशी पद्धत आहे म्हणे, पाहुण्यांचा कमी पडला तर यजमानांनी द्यायचा.

आमच्या कप्तानाने क्षणाचाही विचार न करता माझ्याकडे बोट केलं.

मी लक्षात आणून दिलं की क्रमाने शिंपीकाका आधी येतात. शिंपीकाकांनीच मला पाठीत ढकललं. कप्तान म्हणाला, साहेब, तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस आपल्याकडे दुसरा नाही. मेहुणा तोंड फिरवून हसत होता, कशाला ते कळलं नाही.

३.२५. जर्सी छातीला घट्ट. पोटाला तर फारच. शपथ: आता मी बेकरीचा. खेळेन तर शंभर टक्के त्यांच्यासाठी. पंच शिट्टी शोधतोय.

संध्याकाळी ६.५०. घरी. क्रमाने लिहितो.

पहिला हाफ शून्य-शून्य. बॉल दोनदा माझ्याकडे आला, एकदा माझ्या पायावरून बाहेर गेला. मालक ओरडले, शाब्बास! चव्वेचाळीस वर्षांत मैदानावर मला कोणी शाब्बास म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या हाफमध्ये आमचे (म्हणजे त्या वेळचे समोरचे) चढत गेले. शेवटची चार मिनिटं, अजून शून्य-शून्य. मेहुणा डावीकडून सुटला. बॉल गोलसमोर घातला. माझ्या आसपास कोणी नव्हतं. वेळ भरपूर होता. इतका, की डाव्या पायाने मारू की उजव्या याचा विचारही झाला. उजव्या पायाने बाहेर मारला.

तो आत गेला.

आमचा क्लब एक, बेकरी शून्य. तसाच संपला.

क्लबच्या इतिहासातला पहिला गोल. माझ्या अंगावर अकरा जण पडले. कप्तानाने उचललं, म्हणाला, साहेब, मानलं तुम्हाला, आतल्या गाठीचे निघालात! मी सांगत होतो, ऐका, ऐका. कोणी ऐकलं नाही. मालक जर्सी परत घ्यायला आले. हळू आवाजात म्हणाले, आम्ही माणूस मागितला होता साहेब, हेर नव्हता मागितला.

सोमवार, २३ फेब्रुवारी

ऑफिसात दोन काट्यांवर उलटे शिक्के मारले.

बेकरीवाले समजतात मी दगा दिला. आमचे समजतात मी दगा दिला, आणि पाठ थोपटतात. सकाळपासून चौघांनी डोळा मारला. इस्त्रीवाल्याने तर इस्त्री थांबवून सलाम ठोकला. सांगायला जावं की मुद्दाम नव्हतं, तर म्हणतात, हो हो, नव्हतंच!

आणि खरंच नव्हतं? त्या सेकंदाला मनात काही आलं होतं का? शपथ घेतली होती. पण मेहुणा बॉल घेऊन धावताना मला बरं वाटलं होतं, हेही खरं. हे तपासल्याशिवाय झोप नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०

तपासलं. घरामागच्या मोकळ्या जागेत, दोन बादल्यांमध्ये गोल. बायको डावीकडून बॉल सोडणार, मी तो बाहेर मारण्याचा मनापासून प्रयत्न करणार. वीस वेळा. ती म्हणाली, शेजारी बघतायत. मी म्हणालो, बघू देत, साक्षीदार होतील.

निकाल: बाहेर गेले तीन. पायाला लागलेच नाहीत नऊ. गोलात आठ.

म्हणजे इच्छा बाहेरची असतानाही बॉल आत जाण्याची शक्यता बाहेर जाण्याच्या अडीचपटीहून जास्त आहे. मी निर्दोष आहे. सुस्कारा सोडला. तक्ता केला, तारीख घातली, बायकोची सही घेतली. सही करताना ती म्हणाली, हे कोणाला दाखवणार नाही ना तुम्ही?

बुधवार, २५ फेब्रुवारी

बेकरीत दाखवलं.

दुपारची वेळ, ट्रे बाहेर निघत होते. मालकांनी पिठाच्या हातांनी तक्ता वाचला. पुन्हा वाचला. म्हणाले, नऊ वेळा लागलाच नाही? मी म्हणालो, बायकोची सही आहे. म्हणाले, सहीचं राहू द्या, करून दाखवा. मागच्या बोळात दोन रिकामी पोती ठेवली, हात भाजलेल्या डिफेंडरने पायाने बॉल सोडला. मी तीनदा बाहेर मारायचा प्रयत्न केला. दोनदा आत गेला. एकदा मीच आत गेलो.

मालक पायरीवर बसले आणि डोळे पुसू लागले. मग भट्टीवरचे सगळे बोलावले. त्यांच्यासाठी पुन्हा. हात दाखवून अवलक्षण, असं कोणी म्हणेल. पण शेवटी मालकांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, साहेब, तुमच्या मनात पाप नव्हतं, पायातच होतं. सर्वांची खात्री पटली. अब्रू परत मिळाली.

येताना हलकं वाटायला हवं होतं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

बातमी आमच्याकडेही पोचली. कप्तान म्हणाला, म्हणजे खरंच मुद्दाम नव्हतं? फार पडलेल्या आवाजात. आज कोणी डोळा मारला नाही.

क्लबच्या वहीत गोल करणाऱ्याच्या रकान्यात ‘सेल्फ गोल, बेकरी’ असं लिहिलं. नाव लिहिलं नाही. नियमाने तेच बरोबर. तरी पेन्सिलने लिहिलंय.

रविवार, १ मार्च, सकाळी १०.१५

बेकरीचं पत्र! परतीचा सामना, पंधरा तारखेला, त्यांच्या मैदानावर. एकच अट. ‘सेक्रेटरी साहेबांना या वेळी तुमच्याच संघातून, पूर्ण वेळ खेळवावे.’

चारदा वाचलं. पूर्ण वेळ. प्रतिस्पर्ध्यांनी नाव घेऊन मागणी करावी, असे खेळाडू किती असतील? त्यांनी मला पूर्ण सामनाभर जवळून पाहिलंय. मतदानाचा प्रश्नच नाही, सामन्याची अटच आहे ती.

नवे बूट आणले. एक नंबर मोठे, मोजे जाड घालता येतील. बायकोला पत्र दाखवलं. तिने एकदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं. मग म्हणाली, बूट परत घेतात का ते विचारून ठेवा. ती नेहमी वाईटच बाजू बघते.

बुधवार, ४ मार्च, संध्याकाळी ७.१०

सभा वायरमनच्या दुकानात झाली. तेरा हजर. पत्र मीच वाचलं, सेक्रेटरी म्हणून. ‘पूर्ण वेळ’ जरा सावकाश वाचलं.

केमिस्ट छताच्या पंख्याकडे बघत होता. शिंपीकाका म्हणाले, अट जरा कडक आहे. कप्तान म्हणाला, आपण एक खेळलो, एक जिंकलो. हरलेला एकही नाही. असा रेकॉर्ड किती क्लबांचा असतो? मग त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, सामना नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा.

मोजणं माझ्याकडे. एक एक करून वर आले. केमिस्टचा आधी अर्धा, मग पूर्ण. मेहुण्याचा सगळ्यात शेवटी. त्याने खाली बघतच म्हटलं, सॉरी भावोजी. बारा.

सेक्रेटरीलाही मत आहे, तो नियम माझाच. स्वतःला विचारलं, मी खेळलो तर क्लब न हरता राहील का? क्लबसाठी की स्वतःसाठी, तेही विचारलं. वीस मिनिटं लागली नाहीत. सगळे थांबले होते. मी हात वर केला.

तेरा. ठराव एकमताने मंजूर. कप्तान म्हणाला, साहेब, तुम्हीपण? आणि मग सगळ्यांनी एकदम चहा मागवला.

बेकरीला उत्तर लिहायचं काम माझंच. कारण द्यायला हवं होतं. मेहुणा म्हणाला, लिहा, भावोजींचा पाय मुरगळलाय. मला खोटं लिहिता येत नाही. शेवटी लिहिलं, ‘आपली अट आम्ही पाळू शकत नाही. आपण नाव घेतलेली व्यक्ती आमच्या क्लबची सेक्रेटरी आहे, खेळाडू नाही.’

दोनदा तपासलं. चूक सापडली नाही. खाली सही केली.