बाकी नेहमीचंच

आई,

दादाच्या एका पत्राचं चौथं पान मी तुला वाचून दाखवलं नाही. ते अजून माझ्याकडे आहे. दोन खोल्या सोडून राहणाऱ्या त्या प्लंबरचं जे झालं ते तुझ्यामुळे झालं, असं तू शेवटपर्यंत समजत राहिलीस. तसं नव्हतं. सांगायचं एवढंच आहे. पण एका वाक्यात सांगितलेलं तुला कधी पटलं नाही. कुठलीही गोष्ट तू पहिल्यापासून विचारायचीस, मध्ये थांबवून परत विचारायचीस. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

घाटकोपरच्या टेकडीवरची ती खोली. संपानंतर गिरणी सुटली आणि बाबा गावी जाऊन राहिले. दादा एसी दुरुस्तीचं काम शिकला आणि आखातात गेला. मी मराठी घेऊन एम. ए. करत होते. तुला अक्षरओळख नव्हती. दादाचं पत्र आलं की तू आधी हात धुवायचीस, मग स्टोव्ह बंद करायचीस, कारण त्याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही, आणि भिंतीला टेकून बसायचीस. "वाच गे," म्हणायचीस. पत्राची सुरुवातीची पानं आपल्यासाठी असायची: जेवण, ऊन, खोलीतली माणसं. शेवटच्या पानावर आकडे घालून सूचना. वस्तीतून जे कोणी तिकडे यायला निघतील त्यांना सांगायच्या. पोचल्याबरोबर मालक पासपोर्ट काढून घेतो, तेव्हा निघण्याआधी त्याच्या दोन झेरॉक्स करून ठेवा, एक सामानात, एक अंगावर. कामाच्या कराराला दोन कागद असतात, एक इंग्रजी आणि एक अरबी. दोन्हीत तेच काम लिहिलंय का ते सही करण्याआधी विचारा, नाहीतर इथून फिटर म्हणून जाल आणि तिथे सिमेंटच्या गोण्या उचलाल. राहण्याचा पत्ता कुणाकडून तरी अरबीत लिहून घ्या आणि तो कागद खिशात ठेवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला. औषधाबरोबर डॉक्टरची चिठ्ठी हवी. विमानतळाचा फोटो काढू नका. उन्हात काम असेल तर पाण्यात मीठ घाला. दुसऱ्याचं पार्सल उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नका.

मी एकदा वाचलं की तुला ते पाठ व्हायचं. वर्षभरात टेकडीवरून आखातात जाणारा प्रत्येकजण आधी तुझ्याकडे यायला लागला. सावंतवाडी आणि घाटकोपर सोडून तू जगात काही पाहिलं नव्हतंस, आणि दाराशी बसलेल्या चार-पाच बाप्यांना तू परदेशात कसं राहायचं ते सांगायचीस.

"मावशी, पासपोर्ट चड्डीत शिवून घेऊ काय?"

"पासपोर्ट नाय रे, झेरॉक्स. पासपोर्ट शिवलंस तर इमानतळार चड्डी सोडची लागतली."

सगळे हसायचे. कुणीतरी म्हणायचं, "मावशी, तुम्हीच जावा की एकदा." तू म्हणायचीस, "मी गेलंय तर तुमका सांगतलो कोण?"

तो प्लंबरही असाच आला. लग्नाला वर्ष झालेलं. दादाच्याच शहरात त्याला काम लागलं होतं, पहिलीच खेप. तो रोज संध्याकाळी यायचा आणि तू त्याची परीक्षा घ्यायचीस. पाणी कसं पिशील, गाडीवाल्याला काय दाखवशील, मालकाने पासपोर्ट मागितला तर काय करशील. तो उभा राहून उत्तरं द्यायचा, शाळेत दिल्यासारखी. त्याची बायको दाराशी उभी राहून म्हणायची, "मावशी, माझं एक ऐकत नाही, तुमचं बरं ऐकतो." त्याला तिकडचं जे काही माहीत होतं ते सगळं तू सांगितलेलं होतं.

तो जाण्याच्या तीन आठवडे आधी ते पत्र आलं. दुपारची वेळ होती. तू हात धुतलेस, स्टोव्ह बंद केलास. पहिल्या तीन पानांत दादाने लिहिलंय की त्याला झोप लागत नाही. एका खोलीत दहाजण, दोन पाळ्यांतले, कुणाचं ना कुणाचं घड्याळ वाजतच असतं; तो डोळे मिटून पडतो आणि दुसऱ्यांचं श्वास घेणं ऐकतो. दादा असं कधी लिहायचा नाही. मी ती तीन पानं फार चांगली वाचली. थांबत, आवाज खाली आणत. एक वाक्य मी दोनदा वाचलं, कारण ते मला आवडलं होतं. तू रडलीस. रडू आलं ते माझ्या वाचण्याने असंही मला वाटलं, आणि त्याचं बरं वाटलं. मग चौथं पान आलं. एकपासून अकरापर्यंत आकडे. मला ती पानं कुरूप वाटायची. त्यांत माणूस नसायचा. मला दुसऱ्या दिवशी कॉलेजात एक निबंध वाचायचा होता आणि तो अर्धाच झाला होता.

"पुढे काय लिहिल्यान हा?" तू विचारलंस.

"बाकी नेहमीचंच," मी म्हटलं.

तू स्टोव्ह पेटवलास.

त्या पानावर सातव्या आकड्यापुढे असं आहे: आईला आणि सगळ्यांना सांग, इकडे येताना खसखस आणायची नाही. नुसती नाही, मसाल्यात नाही, लाडवात नाही, अनारशावर नाही. इथे ती अफूत धरतात. शेजारच्या कॅम्पातला एकजण मसाल्याच्या पुडीवरून आत आहे. त्याने याखाली दोन रेघा मारल्या आहेत. बाकी कशाखालीही नाहीत.

तू दादासाठी डिंकाचे लाडू करायला घेतलेस. "तेका झोप नाय, मगे तो काम कसा करतलो?" खसखशीने झोप लागते हे तुझ्या आईने तुला सांगितलेलं, तिच्या आईने तिला. तू नेहमीच्या दुप्पट घातलीस. भाजलीस तेव्हा खोलीभर वास होता. लाडू वळायला मी बसले होते तुझ्याबरोबर. निबंध झाला होता, चांगला झाला असं सर म्हणाले होते, म्हणून मी खुशीत होते. डबा त्या प्लंबरकडे द्यायचं ठरलं. तो आला, त्याने डबा हातात घेतला आणि म्हणाला, "उघडू ना मावशी? तुमचाच नियम."

"उघड, उघड. शिकलंस."

त्याने झाकण काढलं, वरचा लाडू उचलून खाल्ला, "झकास" म्हणाला, आणि डबा बॅगेत ठेवला. तो सहारच्या विमानतळावर गेला त्या दिवशी तू गॅलरीत उभी राहून डोक्यावरून जाणाऱ्या विमानांकडे बघत होतीस. आपल्यावरून जायची ती उतरणारी विमानं. जाणारी दुसरीकडे, समुद्रावरून जातात. मला ते माहीत होतं. तेही मी तुला सांगितलं नाही, पण त्याने काही बिघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी टेकडीखालच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दादाचा फोन आला. कंपाउंडरने निरोप पाठवला, मी धावत गेले. दादा म्हणाला, त्या प्लंबरला विमानतळावरच धरलंय. डब्यावरून. भेटू देत नाहीत. मग तो म्हणाला, "मी लिहिलं होतं ना गं? आईला वाचून दाखवलंस ना?"

मी "हो" म्हटलं.

आई, मी विचार करून खोटं बोलले नाही. त्या क्षणी ते पान कुठलं हेही मला आठवत नव्हतं. त्याने विचारलं आणि तोंडातून आलं. दादा म्हणाला, "मग तिने का केलं असं?" मी म्हटलं, "तुझ्या झोपेची काळजी होती तिला." हे मात्र विचार करून म्हटलं. घरी येऊन मी पत्र काढलं, चौथं पान वाचलं, आणि ते माझ्या वहीत ठेवलं.

तुला मी सांगितलं की खसखशीवरून धरलं. तुला ते कळेचना. "तेंका कोणीतरी सांगा, ती खसखस आसा. आमी पण खातंव." दोन दिवस तू हेच म्हणत होतीस, मला, गॅलरीतून जाणाऱ्याला, कुणालाही. तिकडच्या साहेबाला पत्र लिही म्हणालीस. मी लिहिलं, इंग्रजीत. पत्ता माहीत नव्हता, तरी लिहिलं. मग प्लंबरची बायको आली. आत आली नाही, गॅलरीत उभी राहिली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल.

"जगाला अक्कल शिकवत होतात ना? शहाणपण शिकवायला माझाच नवरा मिळाला?"

"माका म्हायत नव्हता गे."

"माहीत नव्हतं? दर महिन्याला पत्र येतंय तुमच्या पोराचं. त्याने लिहिलं नाही?"

तू माझ्याकडे वळलीस. गॅलरीभर माणसं होती. "लिहिल्यान होता काय गे?"

मी "नाही" म्हटलं.

त्यानंतर तुझ्याकडे कुणी विचारायला आलं नाही. पहाटे नळाला पाणी आलं की तू आपलं भरण्याआधी तिचे दोन हंडे भरून तिच्या दाराशी ठेवायचीस. ती ते मोरीत ओतून द्यायची, सगळ्यांदेखत, थेंबाथेंबाला भांडणाऱ्या त्या गॅलरीत. दुसऱ्या दिवशी तू परत भरायचीस. हे तो येईपर्यंत चाललं. चौदा महिन्यांनी त्याला परत पाठवलं. केस पांढरे झालेले, मान खाली घालून बोलायचा. गावी कायमचं निघण्याआधी तो आपल्या दाराशी आला. तू उठून उभी राहिलीस. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही सांगितलेलं सगळं मी केलं होतं." टोमणा नव्हता त्यात. अजूनही कुठे चुकलं ते शोधत असल्यासारखा म्हणाला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तुला सोपं गेलं असतं.

दादा पुढच्या सुट्टीला आला तेव्हा तुझ्यासाठी ब्लँकेट आणलं, मला मनगटी घड्याळ. तू वाढलेलं जेवला. पण तुझ्याशी तो बोलला नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर. त्याला वाटत होतं तुला ठाऊक होतं, त्याने दोन रेघा मारून कळवलं होतं, आणि तरी तू तुझाच हट्ट केलास, दुसऱ्याच्या पोराला पुढे करून. तो पहिल्या महिन्यापासून प्रत्येक शुक्रवारी त्या तुरुंगाच्या दाराशी जाऊन उभा राहिला होता. तुला हे माहीत नव्हतं. त्याची पत्रं नंतर माझ्या नावाने यायला लागली, एकेक पानाची. त्यांत सूचना नसत. एक दिवस तांदूळ निवडताना तू मला विचारलंस, "माझ्याशी असो कित्याक वागता तो?" मी म्हटलं, कामाचा ताण असतो. तू मान हलवलीस. मी शिकलेली होते, माझ्यावर तुझा विश्वास होता.

शेवटी तू रुग्णालयात होतीस तेव्हा तो आला होता. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. तू त्याला विचारलंस, "आता झोप लागता मा रे तुका?" तो बाहेर निघून गेला. मला वाटलं, आता जावं, व्हरांड्यात त्याला गाठावं, पाच मिनिटांचं काम आहे. मी तुझी चादर नीट करत राहिले. मग वाटलं, दिवस झाले की सांगू. तेराव्याला जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "आईने तेवढं एक ऐकायला हवं होतं." मी त्याला ताक वाढलं.

दादा आता मुलुंडला राहतो. गुडघ्यांमुळे फारसा बाहेर पडत नाही. महिन्यातून एकदा मी जाते, आम्ही टीव्ही बघतो, तो मला चहा करून देतो. तुझा फोटो त्याने लावलेला नाही. मी विचारत नाही.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. दर वेळी वर तुझंच नाव येतं. खरं तर हे दादाला लिहायला हवं. त्याला वाचता येतं.