दुसऱ्या काहिलीचं मीठ

प्रिय दादा,

हात मिठानं पांढरे झालेत आणि आमटीच्या दुसऱ्या काहिलीत, त्या मोठ्या कढईत, मीठ घातलं की नाही, हे मला आठवत नाही. देवळामागच्या लिंबाखाली बसून जत्रेच्या पत्रकाच्या पाठीवर लिहितोय. तासाभरात नैवेद्य निघेल, मग पंगत बसेल. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पहिल्या काहिलीत अकरा ओंजळी घातल्या. त्या नक्की. दुसरीकडं वळलो, तेवढ्यात नामदेव आला. फौजेतून सुट्टीवर आलाय. म्हणाला, "गुरुजी, दादांचा टीव्हीवरचा कार्यक्रम आमच्या युनिटमंदी समदी बघायची. ते तळलेलं किडं त्यांनी खरंच खाल्लं व्हय?"

"खरंच. आणि घरी आल्या आल्या भाकरी मागितली."

तो हसला. मीही हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदाच! मग खाली पाहिलं, तर मिठाची परात रिकामी. मी ती पुन्हा भरून दुसऱ्या काहिलीत ओतली होती, की भरायचीच राहिली होती? पोतं उघडंच होतं. त्यावरून काही कळेना.

चव घ्यायची सोय नाही. भैरोबाला दाखवल्याशिवाय आमटीचा थेंबही जिभेला लावायचा नाही. मिठाचा मान आपल्या घराचा. तू जगात कुठंही असलास तरी या एका दिवसाला यायचास, कॅमेरावाल्यांना कराडलाच ठेवून. काहिलीत अख्खा मसूर रटरटायचा आणि तू धोतर खोचून परात उचलायचास. यंदा ती माझ्याकडं आली.

तुझ्यावर एक राग आहे. टीव्हीवर साऱ्या महाराष्ट्राला रांधायला शिकवलंस. मी मिठाचं विचारलं की म्हणायचास, "अंदाजानं रं!" अंदाज कसा शिकायचा, दादा? मी पलूसच्या शाळेत जन्मभर व्याकरण शिकवलं. तिथं नियम तरी होते.

गेल्या वर्षी उपचारांनंतर तुझ्या जिभेची चव गेली होती. मला एकट्याला सांगितलंस, इथंच, या लिंबाखाली. मी विचारलं, मग मीठ कसं घालणार? तू म्हणालास, "इथं कुणालाच चव घ्यायची न्हाई. जगात ही एकच चूल हाय, जिथं मी बाकीच्यांच्या बरोबरीला हाय."

मी हसलो. तुझी बोटं परातीच्या काठाला गच्च आवळलेली दिसत होती, तरी हसलो. घाबरला होतास का? आत्ता मी घाबरलोय, तसाच? मी का विचारलं नाही?

मघाशी काहिलीपाशी बसलेल्या, गावकीतल्या बापूंनी हाक मारली. "गुरुजी, झालं न्हवं मीठ? झाकण ठिवू?"

"झालं," मी म्हणालो.

इतक्या सहज! झाकण बसलं. आता उठून आणखी अकरा ओंजळी घातल्या आणि आधीच्याही असल्या, तर सारं गाव पानावरून उठेल. माझं काय? पण लोक म्हणतील, दादा गेला आणि त्या घराचा हात गेला. तुझं नाव माझ्या हातून खारट होईल. नाही घातलं आणि तिथं मीठच नसलं, तर? उठवत नाही.

हलगी वाजायला लागली. नैवेद्याचं ताट निघालं.

एवढा शब्द देतो. पहिलं पान वाढायच्या आधी मी बापूंना सगळ्यांसमोर सांगेन की मी खोटं बोललो, मला आठवत नाही. तू गेलास म्हणून भान नव्हतं, असं म्हणणार नाही. तुझ्या मरणाआड लपणार नाही.

तुझा धाकटा,
वसंत

दुसऱ्या दिवशी सकाळी : पहिलं पान वाढायच्या आधी बापूंना सगळ्यांसमोर सांगितलं. दुसरी काहील अळणी निघाली. मी पानापानावर मीठ वाढत फिरलो. बापू एवढंच म्हणाले, "आवं, कमी पडलं तर वाढता येतंय. जादा झालं असतं तर काय काढणार हुता?" आज त्यांचा निरोप आलाय. मिठाचा मान पुढं कुणाकडं द्यायचा, ते गावकी देवळात बसून ठरवणार आहे. मला बोलावलंय. निघालोय.